शालेय व्यवसाय व उद्योजकता स्पर्धा

शालेय व्यवसाय व उद्योजकता स्पर्धा : माध्यमिक शाळेतील, म्हणजे स्थूलमानाने १३ ते १८ वर्षे वयाच्या, विद्यार्थ्यांना निरनिराळ्या धंदा-व्यवसायांचा परिचय व्हावा, स्वतःचा कल व कुवत ओळखता यावी आणि उत्पादन, विक्री, हिशेब इ. व्यवहारांचा अल्प प्रमाणात का होईना प्रत्यक्ष अनुभव मिळावा, या हेतूने योजिलेल्या स्पर्धा. विद्यार्थ्यांनी चालविलेल्या नमुना कंपन्यांच्या स्पर्धा, उद्योगाचा आराखडा परीक्षकांपुढे मांडण्याच्या स्पर्धा, विक्रीकला, हिशेबलेखन, मुलाखत यांसारख्या व्यावसायिक कौशल्यांच्या स्पर्धा, सुतारकाम, जोडारीकाम इ. कारागिरीच्या स्पर्धा आणि शेती व पशुपालन यांतील उत्पादनाच्या स्पर्धा असे त्यांचे अनेक प्रकार आढळतात. वक्तृत्व, निबंध किंवा खेळ यांच्या स्पर्धांहून त्यांचे वेगळेपण असे, की त्यांत शाळेबाहेरचा माणूस म्हणजे गिऱ्हाईक, पुरवठादार किंवा भागधारक हाही एक प्रकारे परीक्षक असतो.

या स्पर्धांमागे दोन वेगळे हेतू असून ते पुष्कळदा एकमेकांत मिसळले जातात. पहिला हेतू व्यवसाय मार्गदर्शनाचा. आधुनिक व्यवसाय मार्गदर्शनाचा प्रारंभ फ्रँक पार्सन्झ (१८५४–१९०८) यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे स्थापन केलेल्या व्यवसाय मार्गदर्शन कार्यालयापासून मानला जातो. त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी व्यवसायनिवडीची तीन अंगे सांगितली आहेत : स्वतःची यथार्थ ओळख, विविध व्यवसायांच्या गरजांचे व त्यांतील लाभालाभांचे ज्ञान आणि या दोहोंचा मेळ घालणारा विचार. पुस्तके, व्याख्याने व मानसशास्त्रीय चाचण्या यांतून पहिल्या दोन अंगांचा काही भाग साधतो. पण आपल्याला अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून वस्तू विकता येते की नाही, हे कोणत्याही चाचणीपेक्षा वस्तू विकूनच कळते. दुसरा हेतू उद्योजकतेच्या प्रसाराचा, म्हणजे नोकरी मागणाऱ्यांपेक्षा धंदा काढणारे तरुण अधिक संख्येने तयार व्हावेत हा. पहिल्या हेतूने पाहिल्यास ‘धंदा हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी यशस्वी ठरतो, तर दुसऱ्या हेतूने पाहिल्यास तोच अपयशी ठरतो. स्पर्धेचे गुण कशासाठी द्यावयाचे या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या भेदावर अवलंबून असते.

मका व टोमॅटो मंडळे : या स्पर्धांचा उगम शहरातील व्यापारी वर्गात नसून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतकऱ्यांच्या मुलांत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या बोंडावरील सोंड्या किडीने दक्षिणेकडील राज्यांत मोठी हानी केली होती आणि एकाच पिकावर विसंबलेल्या शेतकऱ्यांना मका व इतर पिकांकडे वळविणे आवश्यक होते. कृषितज्ञांचे सल्ले वडीलधारे शेतकरी सहसा मनावर घेत नसत. तेव्हा केंद्रीय कृषी खात्यातील सीमन नॅप (१८३३–१९११) व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांकडूनच प्रात्यक्षिक करवून घेण्याचा मार्ग अवलंबिला. १९०७ मध्ये मिसिसिपी राज्यातील होम्झ परगण्यात मुलांचे मका मंडळ निघाले व पुढील काही वर्षांत अशी मंडळे दक्षिणेत सर्वत्र पसरली. प्रत्येक मुलाने एक एकर जमीन कसावयाची, नांगरणीपासून मळणीपर्यंतची नोंद ठेवावयाची व हंगामाच्या अखेरीस कणसे प्रदर्शनात मांडावयाची, अशी पद्धत होती. १९१० मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यातील जेरी मूर या १५ वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८.७५ बुशेल मका पिकविला. त्या भागातील सरासरी उत्पन्न तेव्हा एकरी २० बुशेलांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. राज्यातील विजेत्यांना राजधानी वॉशिंग्टनची सफर घडविण्यात येई व कृषिमंत्र्यांच्या सहीचे प्रशस्तिपत्र मिळे. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मुलांची मंडळे मात्र वेगळी असत.

या मंडळांची गुणदानाची पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे. शंभरांपैकी ३० गुण एकरी उत्पन्नाला, ३० गुण नफ्याला, २० गुण निवडक दहा कणसांच्या नमुन्याला आणि २० गुण मुलाने स्वतः लिहिलेल्या पिकाच्या हकिकतीला असत. म्हणजे नुसते विक्रमी पीक काढून भागत नसे. खते व मजुरी यांवर अवाच्या सव्वा खर्च करणारा मुलगा नफ्याच्या गुणांत मागे पडे. नफा काढण्याचे नियमही ठरवून दिलेले होते. जमीन वडिलांची असली, तरी एकरी ५ डॉलर खंड खर्चात धरावा लागे. मुलाच्या स्वतःच्या श्रमाचे ताशी १० सेंट व घोड्याच्या कामाचे ताशी ५ सेंट मांडावे लागत. शेणखताचीही किंमत लावावी लागे. आपले श्रम व घरची साधने फुकटची नव्हेत, ही गोष्ट बारा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच वहीतील आकड्यांवरून कळत असे.

मुलींसाठी अशीच योजना १९१० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील एकेन परगण्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने सुरू केली. प्रत्येक मुलीने एक दशांश एकरात, म्हणजे आपल्याकडील चार गुंठ्यांत, टोमॅटो लावावयाचे आणि घरी वापरून व ताजे विकून उरलेले फळ डबाबंद करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. उत्तम काम करणाऱ्या मुलीस विंथ्रॉप महाविद्यालयाची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली होती. डब्यांवर ठराविक लेबल लावून व मालाचा दर्जा एकसारखा राखून ते बाजारात पाठविण्याची जबाबदारीही मुलींवर असे. अनेक मुलींच्या हाती स्वतःचा म्हणता येईल असा पैसा या चार गुंठ्यांमुळे प्रथमच आला. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ही मंडळे कृषिविस्तार सेवेत सामावली गेली आणि ‘फोर-एच’ या नावाने ती पुढे जगभर परिचित झाली. माध्यमिक शाळांत शेतीचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ मध्ये कॅनझस सिटी येथे स्थापन झाली. जनावरांची व बियाण्यांची पारख करण्याच्या स्पर्धा हे तिचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य होय.

विद्यार्थी कंपनी : शेतीतील हा प्रयोग उद्योगधंद्यांना लागू करण्याचे श्रेय ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ या संस्थेकडे जाते. कागद कारखानदार होरेस मोझेस (१८६२–१९४७), अमेरिकेतील दूरध्वनी उद्योगाचे प्रमुख थीओडोर व्हेल (१८४५–१९२०) आणि मॅसॅचूसेट्सचे माजी सिनेटर मरे क्रेन (१८५३–१९२०) यांनी १९१९ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे तिचा पाया घातला. खेड्यांतून कारखान्यांच्या गावी येणाऱ्या कुटुंबांतील मुलांना औद्योगिक जीवनाची ओळख करून द्यावी, अशी मूळ कल्पना होती. प्रथम लहान मुलांची हस्तव्यवसाय मंडळे निघाली. पुढे माध्यमिक शाळेच्या वयातील विद्यार्थ्यांची ‘कंपनी’ हाच संस्थेचा मुख्य उपक्रम बनला आणि १९७५ पर्यंत तो जवळजवळ एकमेव होता. ब्रिटनमध्ये त्याच धर्तीवर ‘यंग एंटरप्राइझ’ ही संस्था १९६२ मध्ये सर वॉल्टर सॉलोमन (१९०६–८७) यांनी काढली. हँबर्गमध्ये जन्मलेले व नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागलेले हे पेढीवाले गृहस्थ अमेरिकेतील उपक्रम पाहून प्रभावित झाले होते.

विद्यार्थी कंपनीचे आयुष्य साधारणतः एका शालेय वर्षाचे असते. दहा ते वीस विद्यार्थी एकत्र येऊन कंपनीला नाव देतात, अध्यक्ष व निरनिराळ्या खात्यांचे प्रमुख निवडतात आणि अल्प किमतीचे भाग आईवडील, शेजारी व शिक्षक यांना विकून भांडवल उभारतात. काय बनवावयाचे हे बाजाराची चाचपणी करून ठरविले जाते. आठवड्यातून एकदा सभा होते, तिचे इतिवृत्त लिहिले जाते, माल तयार करून विकला जातो व जमाखर्च ठेवला जातो. स्थानिक उद्योगातील एखादी अनुभवी व्यक्ती विनावेतन सल्लागार असते; तिने सल्ला द्यावा, निर्णय घेऊ नये असा संकेत आहे. वर्षअखेर कंपनीचे विसर्जन करून देणी भागविली जातात व उरलेली रक्कम भागधारकांना लाभांशासह परत केली जाते. या शेवटच्या टप्प्याकडे दुर्लक्ष होते, पण शिक्षणदृष्ट्या तोच सर्वांत मोलाचा आहे. ज्या शेजाऱ्याकडून पैसे घेतले त्याच्यापुढे हिशेबाचा कागद घेऊन उभे राहणे ही गोष्ट स्पर्धेच्या व्यासपीठावरील भाषणाहून कठीण असते.

हा हिशेब कसा फसवा ठरू शकतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शाळेतील विद्यार्थ्यांनी २० रुपयांचे १०० भाग विकून २,००० रुपये उभे केले. कापड, दोरा इत्यादींवर १,५०० रुपये खर्चून ६० कापडी पिशव्या शिवल्या आणि त्यांतील ५४ पिशव्या प्रत्येकी ५० रुपयांस विकून २,७०० रुपये मिळविले. शिल्लक ३,२०० रुपये झाली. म्हणजे २० रुपयांच्या भागामागे ३२ रुपये परत करता येतील. साठ टक्के लाभांश देणारी कंपनी स्पर्धेत वरच्या क्रमांकात येणार हे उघडच आहे. पण प्रत्येक पिशवी शिवण्यास ४० मिनिटे लागली असतील, तर एकूण ४० तास काम झाले. ताशी ३० रुपये मजुरी धरली, की १,२०० रुपयांचा सगळा नफा संपतो. शिवणयंत्र कुणाच्या तरी आईचे होते, त्याचे भाडे व झीज धरल्यास कंपनी तोट्यात जाते. मका मंडळांच्या नियमांनी जे मुलांकडून वदवून घेतले होते, ते येथे ताळेबंदाबाहेर राहते. घरची मदत जितकी अधिक, तितका नफा अधिक दिसतो. त्यामुळे सुस्थितीतील पालकांच्या मुलांना अशा स्पर्धेत आपोआपच आघाडी मिळते. काही शिक्षक विद्यार्थ्यांकडून दोन ताळेबंद करवून घेतात : एक रोख व्यवहाराचा व दुसरा श्रम आणि उसनी साधने यांची किंमत धरून केलेला. ही पद्धत अधिक रूढ होणे इष्ट आहे.

स्पर्धांचे स्वरूप : कंपन्यांची संख्या वाढल्यावर त्यांत तुलना होणे स्वाभाविक होते. प्रथम शहर, नंतर प्रदेश व शेवटी देश अशा पायऱ्यांनी निवड होऊ लागली. यूरोपात निरनिराळ्या देशांच्या विजेत्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरते. सामान्यतः लेखी अहवाल, विक्रीदालन, व्यासपीठावरील सादरीकरण व परीक्षकांनी घेतलेली मुलाखत या चार गोष्टींवरून क्रमांक ठरविला जातो. नफ्याचा आकडा एकटाच निर्णायक नसतो ही यातील जमेची बाजू. उलट अहवालाची छपाई, दालनाची सजावट व अस्खलित भाषण यांचे वजन वाढते. कच्चा माल वेळेवर आणणारा किंवा रोजकीर्द बिनचूक ठेवणारा अबोल विद्यार्थी परीक्षकांच्या नजरेस पडत नाही. अलीकडे तर प्रत्यक्ष वस्तू न बनविता केवळ उद्योगाची कल्पना काही मिनिटांत मांडण्याच्या स्पर्धाच अधिक दिसतात. त्या भरविण्यास खर्च व वेळ कमी लागतो हे त्यांच्या प्रसाराचे एक कारण होय. त्यांतून मांडणीचे कौशल्य जोपासले जाते. मात्र न विकल्या गेलेल्या सहा पिशव्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

व्यावसायिक कौशल्यांच्या स्पर्धांची परंपरा याहून थोडी निराळी आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील हॅम्डन फॉर्कनर यांनी वाणिज्य विषयाच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची कल्पना १९३७ मध्ये मांडली व तिची, म्हणजे ‘फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका’ची, पहिली शाखा ३ फेब्रुवारी १९४२ रोजी टेनेसी राज्यातील जॉन्सन सिटी येथील शाळेत निघाली. विक्री व वितरण हे विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची ‘डेका’ ही संघटना १९४६ मध्ये उदयास आली. तिच्या भूमिकाभिनयाच्या स्पर्धा प्रसिद्ध आहेत. विद्यार्थ्याला धंद्यातील एखादा प्रसंग, उदा., तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक किंवा खप घटलेले दुकान, लिहून दिला जातो. थोडा वेळ विचार करून त्याने गिऱ्हाइकाच्या किंवा मालकाच्या भूमिकेतील परीक्षकाशी बोलून मार्ग काढावयाचा असतो. कारागिरीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा प्रारंभ स्पेनमध्ये झाला. तेथे १९४७ मध्ये शिकाऊ कामगारांची राष्ट्रीय स्पर्धा झाली व १९५० मध्ये माद्रिद येथे स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांच्या २४ स्पर्धकांत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आज ती ‘वर्ल्ड स्किल्स’ या नावाने ओळखली जाते व भारतही तीत भाग घेतो. तिच्यातील बहुतेक स्पर्धक शालेय वय ओलांडलेले, पण सामान्यतः २२ वर्षांच्या आतील असतात. कारागिरीच्या स्पर्धेत परीक्षण तुलनेने सोपे असते, कारण सांधा बसला की नाही हे मापून पाहता येते.

परिणाम : या उपक्रमांमुळे उद्योजक घडतात काय, याची शास्त्रीय तपासणी एकविसाव्या शतकात होऊ लागली. ऊस्टरबेक, फान प्राख व आयसेलस्टाइन या संशोधकांनी नेदर्लंड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयाची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. या महाविद्यालयाच्या दोन गावांतील शाखांपैकी एकीत विद्यार्थी कंपनीचा कार्यक्रम सक्तीचा होता व दुसरीत नव्हता; त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. कार्यक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या उद्योजकीय कौशल्यांत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही आणि स्वतःचा धंदा काढण्याची इच्छा तर काहीशी घटल्याचेच दिसले. याउलट, स्वीडनमध्ये १९९४–९६ या काळात विद्यार्थी कंपनीत भाग घेतलेल्यांचा पुढील सुमारे १६ वर्षांचा मागोवा घेणारी एलर्ट, अँडरसन व व्हेनबर्ग यांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार अशा विद्यार्थ्यांनी पुढे धंदा सुरू करण्याची शक्यता व धंद्यातील त्यांचे उत्पन्न इतरांपेक्षा अधिक होते; मात्र काढलेला धंदा टिकण्यावर कार्यक्रमाचा परिणाम दिसला नाही.

हे दोन निष्कर्ष वाटतात तितके विसंगत नाहीत. पहिल्या पाहणीत वर्ष संपताच विचारलेल्या इच्छेचे मापन होते, तर दुसरीत प्रौढपणी केलेल्या कृतीचे. शिवाय पहिला कार्यक्रम सक्तीचा होता, तर दुसरा बव्हंशी ऐच्छिक. धंद्यातील कटकटींचा अनुभव आल्यावर काही विद्यार्थ्यांनी त्याचा नाद सोडला असेल, तर तो शिक्षणाचा पराभव मानण्याचे कारण नाही. पार्सन्झ यांच्या परिभाषेत ती स्वतःची ओळखच होय. परंतु उद्योजकांची संख्या वाढविण्याच्या उद्देशाने निधी देणाऱ्या शासनांना व उद्योगसमूहांना हे उत्तर सहसा रुचत नाही.

भारतातील प्रयत्न : शाळेत वस्तू बनवून विकण्याचा विचार भारतात स्पर्धेच्या मार्गाने आला नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र असावे व मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, असा विचार मांडला. त्यावर परिषदेतच मतभेद झाले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेस विरोध केला. शाळांतील माल बाजारात आल्यास त्याची धंदेवाईक कारागिरांच्या मालाशी विषम स्पर्धा होईल, अशी भीती व्यक्त झाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही आपल्या अहवालात आर्थिक बाजूवर भर देताना सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका असल्याचे नमूद केले. मूलोद्योग शाळांत टकळी व चरखा आले. परंतु सुताची गुणवत्ता, त्याचा खप व त्याचा हिशेब यांतून मुलांना काय शिकवावयाचे हे बहुसंख्य शिक्षकांना स्पष्ट नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी कताई हा एक तास भरून काढण्याचा विषय झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) बहूद्देशीय शाळांची व त्यांत व्यवसाय मार्गदर्शनाची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला आणि ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्य ही संज्ञा रूढ केली. महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभव हा विषय अनेक वर्षे शिकविला गेला. खडू, साबण, मेणबत्त्या, कागदी फुले अशा वस्तू त्यात होत, पण त्या बहुधा परीक्षेपुरत्या बनत. त्यांना गिऱ्हाईक क्वचितच असे. बालवीर व वीरबाला पथकांचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम याला अपवाद होता. घरोघर जाऊन लहानसहान कामे करावयाची व मिळालेले पैसे पथकाच्या निधीत भरावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. इंग्लंडमधील बालवीरांचा १९४९ मध्ये सुरू झालेला असाच एक सप्ताह प्रसिद्ध होता.

महाराष्ट्रात अलीकडे विशेष लोकप्रिय झालेला प्रकार म्हणजे आनंद मेळावा किंवा बालबाजार. जिल्हा परिषदेच्या व खाजगी शाळांतून तो भरतो. मुले घरून भाजीपाला, भेळ, वडे, सरबत इ. आणून शाळेच्या पटांगणात विकतात व पालक आणि ग्रामस्थ विकत घेतात. त्याला स्पर्धेचे रूप क्वचितच असते, पण अधिक विक्री करणाऱ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. या बाजारात वर्गातील नेहमीचा क्रम पुष्कळदा उलटा होतो. गणितात मागे असलेली, परंतु आईबरोबर आठवडी बाजारात बसणारी मुलगी सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करते, संध्याकाळ होऊ लागताच कोथिंबिरीच्या जुडीचा भाव उतरविते व माल संपवून उठते. तर गणितात पहिला येणारा मुलगा भाव न सोडल्यामुळे टोपली परत नेतो. शिक्षकाने या प्रसंगाचा दुसऱ्या दिवशी वर्गात उपयोग केला, तर नफातोट्याचे उदाहरण वेगळे शिकवावे लागत नाही. तसे क्वचितच घडते. बहुतेक ठिकाणी मेळावा छायाचित्रांनी व उत्पन्नाच्या बेरजेने संपतो आणि माल घरून आला असल्याने खर्चाचा रकाना कोराच राहतो.

शासकीय पातळीवरील सर्वांत मोठा प्रयोग दिल्लीत झाला. तेथील सरकारी शाळांत नववी ते बारावीसाठी उद्योजकीय मनोवृत्तीचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये लागू करण्यात आला आणि २०२१ मध्ये त्याला जोडून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बिझनेस ब्लास्टर्स’ ही योजना सुरू झाली. गट करून धंदा करण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला २,००० रुपये बीजभांडवल देण्यात आले. निवडक गटांची गुंतवणूकदारांसमोरील सादरीकरणे दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली व मार्च २०२२ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरविण्यात आले. भांडवल पालकांच्या खिशातून न येता शासनाकडून आल्यामुळे गरीब घरांतील मुलांनाही भाग घेता आला, हे या योजनेचे वैशिष्ट्य. गुंतवणूकदारांपुढे पोहोचलेले गट एकूण गटांच्या मानाने मोजकेच होते. उरलेल्यांच्या अनुभवाची पद्धतशीर नोंद करणे हे खरे तर अधिक महत्त्वाचे काम होते, पण प्रसिद्धीचा झोत विजेत्यांवरच राहिला. २०२५ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाल्यावर या योजनेऐवजी उद्योजकतेची दुसरी योजना आखण्यात आली. केंद्रीय पातळीवर नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानाखाली २०१६ पासून शाळांत प्रयोगशाळा काढण्यात येत असून त्यांच्या स्पर्धांचा भर धंद्यापेक्षा तांत्रिक कल्पकतेवर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार इत्यादींकडे उमेदवारी करावी, अशी शिफारस आहे. तीत स्पर्धेचा अंश नाही.

कायदेशीर मर्यादा : भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्तीस करार करता येत नाही आणि अज्ञानाने केलेला करार आरंभापासूनच निरर्थक असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष या खटल्यात दिला. सज्ञानतेचे वय १८ वर्षे असल्यामुळे विद्यार्थी कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने कंपनी नसते. तिने विकलेले भाग म्हणजे शाळेकडे विश्वासाने ठेवलेली रक्कम होय. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात मदत करण्याची त्यांना मुभा आहे, तर १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोकादायक कामांस बंदी आहे. शालेय उपक्रमातील काम शिक्षणासाठी असते, हे त्याचे समर्थन. परंतु एखाद्या दुकानदाराने किंवा कारखानदाराने स्पर्धेच्या नावाखाली आपल्या मालाची विक्री मुलांकडून करवून घेतल्यास ते समर्थन उरत नाही. म्हणून पुरवठादाराशी बोलणी मुलांनी केली, तरी मागणीपत्रावर व पावतीवर सही शिक्षकाची किंवा आयोजक संस्थेची असावी लागते, बँकेतील खाते शाळेच्या नावे ठेवावे लागते आणि कंपनी बुडाल्यास भागधारकांचे पैसे कोणी भरून द्यावयाचे, हे भाग विकण्यापूर्वीच लेखी ठरवावे लागते.